मोबाईलवरचा दवाखाना आणि घरातला एकच फोन

दुखणे अंगावर काढायचे, ही आपल्या वस्त्यांची जुनी सवय आहे. तिच्यामागे अज्ञानापेक्षा हिशेब जास्त असतो. तालुक्याच्या दवाखान्यात जायचे तर गाडीभाडे लागते आणि दिवसाची मजुरी बुडते. मोबाईलवरील आरोग्यसेवांचे महत्त्व इथे आहे.

केंद्र सरकारची ‘ई-संजीवनी’ ही मोफत टेलिमेडिसिन सेवा २०१९ मध्ये सुरू झाली. ती दोन प्रकारे मिळते. उपकेंद्रात गेल्यास तेथील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांशी जोडून देतात. एप्रिल २०२० पासून, म्हणजे टाळेबंदीच्या काळापासून, घरूनही सल्ला घेता येतो. त्यासाठी मोबाईल नंबर नोंदवायचा, ओटीपी टाकायचा आणि टोकन घ्यायचे. सल्ल्यानंतर औषधांची चिठ्ठी फोनवरच येते.

‘किलकारी’ या सेवेला इंटरनेटही लागत नाही. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्याला एक, असे ७२ ध्वनिसंदेश साध्या फोनवर येतात.

पण फोन कुणाच्या हातात असतो? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) स्वतः वापरत असलेला मोबाईल देशातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच होता; ग्रामीण भागात हे प्रमाण ४७ टक्क्यांच्या आसपास होते. वस्त्यांत काम करताना आम्हाला हेच दिसते. गरोदर बाईच्या नोंदीत नंबर नवऱ्याचा असतो. फोन त्याच्याबरोबर कामावर जातो आणि तिच्यासाठी आलेला संदेश तिच्या कानापर्यंत पोचतच नाही.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांनी तीन कामे हाती घ्यावीत, असे आम्हाला वाटते.

पहिले, आशाताईंना सोबत घेऊन गरोदर बायांचे नोंदवलेले नंबर तपासावेत. जो फोन दिवसा तिच्याजवळ असतो, तोच नंबर नोंदीत हवा.

दुसरे, ज्यांना ॲप वापरता येत नाही त्यांना विहारात किंवा समाजमंदिरात बसून मदत करावी. मात्र कॉल जोडून झाला की बाजूला व्हावे. बाई आपले दुखणे डॉक्टरांना सांगत असते, आपल्याला नव्हे. तिच्या चिठ्ठीचा फोटो आपल्या फोनमध्ये ठेवू नये.

तिसरे, कॉल लागला नाही, लिहिलेले औषध मिळाले नाही, अशा गोष्टींची तारखेसह नोंद ठेवावी आणि ती ग्रामसभेत लेखी मांडावी.

मोबाईलवरून पोट तपासता येत नाही, रक्तही घेता येत नाही. छातीत दुखणे, धाप लागणे, गरोदरपणातला रक्तस्राव यांसाठी ॲप उघडत बसू नये. थेट १०८ ला फोन करावा. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य असल्याचे संविधानाचे कलम ४७ सांगते. व्हिडिओ कॉलची सोय झाली म्हणून उपकेंद्रातली रिकामी जागा भरण्याची जबाबदारी संपत नाही. ॲप वापरायला शिकवताना ही मागणीही आपण लावून धरली पाहिजे.