सव्वा व्होल्टची कहाणी

शुभकार्याच्या प्रसंगी सव्वा रुपया ठेवण्याची आपली चाल जुनी आहे. पुऱ्या रुपयावर तो पाव कशासाठी, असे कोणी विचारीत नाही. विद्युच्छास्त्राच्या अलीकडील इतिहासातही या सव्वाला असेच मानाचे स्थान मिळालेले आहे. ते कसे, हे सांगण्याचा येथे विचार आहे.

घरच्या घरी विजेचे लहानमोठे प्रयोग करणाऱ्या होतकरू मुलाची पहिली अडचण यंत्राची नसते, प्रवाहाची असते. एका मंडलास ३ व्होल्ट लागतात, दुसऱ्यास ५, तिसऱ्यास १२. कमी पडले तर मंडल मुके राहते, अधिक झाले तर जळून जाते. तेव्हा हवा तितका आणि स्थिर दाब देणारे साधन प्रथम पाहिजे. ही निकड मात्र आजची नव्हे.

२० मार्च १८०० रोजी इटालियन पंडित व्होल्टा याने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांस पत्र लिहून आपला विद्युत्स्तंभ जगापुढे मांडला. दोन भिन्न धातूंच्या चकत्या व त्यांमध्ये खाऱ्या पाण्यात भिजविलेले तुकडे, एवढीच त्याची सामग्री. जोड्या वाढवाव्या, दाब वाढे. कमी कराव्या, उतरे. परंतु हा प्रवाह थोड्याच वेळात मंदावत असे. १८३६ साली डॅनियलने तांबे व जस्त यांस निरनिराळ्या द्रवांत ठेवून पुष्कळ अंशी स्थिर असा घट सिद्ध केला. स्थैर्य लाभले; पण दाब हवा तसा फिरविण्याची सोय त्यातही नव्हती.

पुढे घरोघर वीज आली. १९२५ साली कॅनडातील टोरोंटो येथे एडवर्ड रॉजर्स याने घरच्या विजेवर चालणारा रेडिओ विक्रीस आणला, आणि नित्य झिजणाऱ्या बॅटऱ्यांचा जाच टळण्याचा मार्ग खुला झाला. तथापि भिंतीतील वीज हौशी मनुष्याच्या जशीच्या तशी उपयोगी नाही. आपल्याकडे ती २३० व्होल्टची व सेकंदास ५० आवर्तनांची असते. ट्रान्सफॉर्मरने तिचा दाब उतरवावा, डायोडांनी तिला एकाच दिशेस वाहवावे, कपॅसिटरने तिचे हेलकावे शमवावे, एवढे केले तरी भार बदलताच दाब ढळतो. त्याला ताळ्यावर ठेवावयाचे तर तुलनेसाठी एक अढळ माप हवे. ते आणावे कोठून?

उत्तर सिलिकॉनच्या स्वभावातच दडलेले होते. ट्रान्झिस्टरच्या संधीवरील दाब तापमानाच्या प्रत्येक अंशामागे सुमारे २ मिलिव्होल्टने घटतो. उलट, भिन्न घनतेचा प्रवाह वाहणाऱ्या दोन संधींच्या दाबांतील अंतर उष्णतेबरोबर वाढते. या दोहोंची योग्य प्रमाणात बेरीज केली की उष्णतेचा परिणाम परस्पर फिटतो, आणि उरतो तो सव्वा व्होल्टच्या आसपासचा दाब! १९६४ साली हिल्बिबरने या दिशेने पाऊल टाकले. बॉब विड्लर या विलक्षण बुद्धीच्या अभियंत्याने ते तत्त्व ५ व्होल्टच्या नियामकात उतरविले. १९७६ साली नॅशनल सेमीकंडक्टर येथे बॉब डॉबकिनने एलएम ३१७ रचला, तेव्हा ठराविक दाबाचे बंधनही सुटले.

या नियामकास तीनच पाय. निर्गमाचा पाय व समायोजनाचा पाय यांमध्ये १.२५ व्होल्टचे अंतर राखणे, हे त्याचे एकमेव व्रत. त्यांमध्ये २४० ओहमचा रोध जोडला की सुमारे ५.२ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. तोच प्रवाह खालच्या फिरत्या रोधातून जाताना त्यावर आणखी दाब उभा करतो. हा रोध सुमारे २,०६४ ओहमांवर आणला की निर्गमी १२ व्होल्ट मिळतात. खुंटी पिळून तंबोरा सुरात लावावा, तसे हे काम आहे.

खर्चही बेताचा. टाकून दिलेल्या संगणकाचा १९ व्होल्टचा शाबूत अ‍ॅडॅप्टर घ्यावा. उरलेले जिन्नस मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, अल्प मोलात मिळतात. मग सव्वापासून सुमारे १६ व्होल्टपर्यंत दाब हाती येतो. मात्र १९ व्होल्टमधून ५ व्होल्ट व १ अँपिअर घेतल्यास ५ वॅट कामी येतात आणि १४ वॅट उष्णतेत जातात. म्हणून नियामकाच्या पाठीशी अ‍ॅल्युमिनियमची जाड पट्टी हवीच.

मूल विजेशी खेळू लागले की आईबापांच्या काळजात धस्स होते, आणि ती भीती खोटी नाही. भिंतीतील २३० व्होल्ट कोणाचीही चूक पोटात घालीत नाहीत. म्हणून अ‍ॅडॅप्टर उघडण्याचा मोह मुलांनी कटाक्षाने टाळावा. परंतु अलीकडच्या बाजूस बसलेला हा तीन पायांचा रखवालदार निराळ्या स्वभावाचा आहे. निर्गमाच्या तारा चुकून एकमेकींस भिडल्या तर तो प्रवाहास आवर घालतो. फार तापला तर आपण होऊन काम थांबवितो, आणि निवल्यावर पुन्हा रुजू होतो. व्होल्टापासून चाललेल्या पावणेदोनशे वर्षांच्या खटाटोपाने विद्यार्थ्याच्या पदरी स्थिर दाब टाकला, हे तर खरेच. पण चुकण्याची मोकळीकही टाकली, हे त्याहून मोठे. जो चुका पोटात घालून पुन्हा शिकवावयास बसतो, त्याला आपण गुरू म्हणतो. ही सव्वाची दक्षिणा मात्र गुरूनेच शिष्यास द्यावयाची आहे.