मुंबईची खोली आणि महिन्याचा पगार

सन १८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांना कांहीं रोगी गांठींनीं आजारी असलेले आढळले, आणि शहरांत प्लेग शिरला असल्याचें त्यांनीं सांगितलें. पुढील कांहीं महिन्यांत हजारों लोक शहर सोडून कोंकणांत व देशावर निघून गेले. गिरण्यांना माणसें मिळेनाशीं झालीं. मजूर व कारकून कसल्या खोल्यांतून राहतात, ही गोष्ट तोंपर्यंत घरमालक व बिऱ्हाडकरू यांच्यांतली समजली जात असे. प्लेगच्या धास्तीनें ती सरकारच्या दफ्तरांत गेली.

सन १८९८ सालीं कायदा होऊन मुंबईचा इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या फोडाव्या, रुंद रस्ते काढावे, हवा खेळती करावी, हें त्याचें काम. नागपाड्याची गजबज मोकळी झाली, प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड निघाले, पुढें दादर-माटुंग्याकडील जमीन आंखून देण्यांत आली. शहराच्या सोयीचें व शोभेचें हें काम होतें यांत संशय नाहीं. परंतु ज्याची खोली पाडली गेली, तो बिऱ्हाडकरू गेला कोठें? गिरणीचा भोंगा पहांटे होई व कामाची जागा पायीं जाण्याच्या टप्प्यांत असणें भाग होतें. म्हणून तो शेजारच्याच गल्लींत, आधींच भरलेल्या चाळींत शिरला. एका ठिकाणची गर्दी मोडून ती दुसऱ्या ठिकाणीं दाटली. ट्रस्टनें पुढें स्वतःच्या चाळी बांधल्या हें खरें, पण पाडण्याचा वेग आरंभीं बांधण्याच्या वेगाहून अधिक होता.

त्या चाळींपैकीं परळच्या पोयबावडी येथील एका चाळींत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा संसार अनेक वर्षें होता. दोन खोल्या होत्या; एका खोलींत कुटुंब आणि दुसरींत पुस्तकें व येणाऱ्या-जाणाऱ्यांचा राबता. परदेशांतील पदव्या मिळवून आलेल्या, प्राध्यापकी व वकिली केलेल्या पुरुषाला जेथें दुसरी खोली ही मोठी सोय वाटावी, तेथें खात्यांत साचे चालविणाऱ्याची गोष्ट काय विचारावी! हिंदू कॉलनींतील ‘राजगृह’ उभें राहिल्यावरच त्यांच्या ग्रंथांना ऐसपैस जागा मिळाली.

खोलीचें भाडें आणि हातीं येणारा पगार यांचा खरा झगडा दिसूं लागला तो पहिल्या महायुद्धांत. सन १९११ च्या खानेसुमारींत मुंबईची लोकसंख्या सुमारें ९ लाख ७९ हजार होती. सन १९२१ सालीं ती ११ लाख ७५ हजारांवर गेली. दरम्यान लोखंड, सिमेंट, लाकूड सर्वच महाग झालें व नवीं घरें उठेनाशीं झालीं. माणसें वाढलीं, खोल्या वाढल्या नाहींत, आणि भाडीं चढूं लागलीं. तेव्हां सन १९१८ सालीं भाडेनियंत्रणाचा कायदा करण्यांत आला. सन १९१६ च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस जें भाडें होतें तें प्रमाण धरावें, असें त्याचें मुख्य सूत्र होतें. कायदा युद्धापुरता समजला गेला होता. पण त्याचीच भावंडें पुढें मुंबईच्या संसारांत ठाण मांडून बसलीं.

या सुमारास सरकारच्या लेबर ऑफिसनें एक फार उपयुक्त काम केलें. फिंडले शिरास यांच्या देखरेखीखालीं सन १९२१ सालीं मजूर कुटुंबांच्या जमाखर्चाची चौकशी झाली व सन १९२३ सालीं तिचा अहवाल निघाला. कुटुंबाची सरासरी मासिक मिळकत ५२ रुपये ४ आणे ६ पै भरली. खर्चाच्या दर शंभर रुपयांपैकीं अन्नावर ५६.८, जळण व दिवाबत्तीवर ७.४, कपड्यांवर ९.६, आणि घरभाड्यावर केवळ ७.७ रुपये जात. म्हणजे शंभरांतले पावणेआठच! हा आंकडा पाहून एखादा सुखवस्तु वाचक म्हणेल कीं मजुराला घर स्वस्त होतें. पण तोच वाचक अहवालाची पुढचीं पानें उलटील तर त्याला दिसेल कीं शंभरांतलीं सत्त्याण्णव कुटुंबें एकाच खोलींत राहत होतीं. भाडें थोडें होतें, कारण जागा थोडी होती. पोटाला जें लागतें त्यांत फार काटछांट करतां येत नाहीं; जागेंत मात्र करतां येते. चार माणसें राहतात तेथें सहा राहूं शकतात, खोलींत पोटभाडेकरू ठेवतां येतो, एक भाऊ दिवसपाळीचा व दुसरा रातपाळीचा असला तर एकच अंथरूण दोघांना पुरतें. शिवाय रत्नागिरीकडे किंवा घाटावर जी मनिऑर्डर जावयाची ती याच मिळकतींतून. दुसरी खोली घ्यावी तर तिचें भाडें गांवच्या म्हाताऱ्या आईच्या पैशांतून काढावें लागे. असा हिशेब करणाऱ्यानें एका खोलींतच राहणें पत्करलें, हें त्याच्या शहाणपणाचेंच लक्षण होय. त्याला स्वच्छतेची आवड नाहीं असे उपदेश करणाऱ्यांनीं तो हिशेब कधीं मांडून पाहिला नव्हता.

गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनीं या प्रश्नाला हात घातला तो मोठ्या आवेशानें. सन १९२० सालीं डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालें. मजुरांसाठीं पन्नास हजार खोल्या बांधावयाच्या असा संकल्प होता. त्यासाठीं कर्ज काढण्यांत आलें, आणि शहरांत येणाऱ्या कापसाच्या दर गांठीवर एक रुपया कर बसविण्यांत आला. वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी येथें सिमेंट-काँक्रीटच्या चाळी उठल्या. एकेका चाळींत ऐंशी खोल्या आणि एकेक खोली सुमारें १६० चौरस फुटांची. पण बांधकाम त्या महाग दिवसांतलें, पैसा चढ्या व्याजाचा. त्यामुळें खर्च भरून निघेल एवढें भाडें आंखलें तर तें मजुराच्या ऐपतीबाहेर जाई, आणि ऐपतीप्रमाणें आंखलें तर खात्यास तोटा येई. दोन्हींच्या मध्यें सरकारनें भाडें उतरविलें, तोटाही सोसला, आणि तरीसुद्धां कित्येक चाळी वर्षानुवर्षें ओस राहिल्या! वरळी त्या काळीं दूर. बाजार नाहीं, दिवाबत्तीची सोय तोकडी, आणि काँक्रीटच्या भिंती उन्हाळ्यांत तापत. सन १९३० च्या सत्याग्रहांत वरळीच्या रिकाम्या चाळींचा उपयोग राजबंद्यांच्या तुरुंगासाठीं करण्यांत आला. मजुरासाठीं बांधलेल्या खोलींत प्रथम सत्याग्रही राहावयास गेले, आणि तेही बिनभाड्यानें, ही गंमत त्या वेळच्या मुंबईकरांच्या लक्षांत आल्यावांचून राहिली नसेल. पन्नास हजारांचा संकल्प २०७ चाळी व सुमारें साडेसोळा हजार खोल्या यांवर थांबला.

यानंतर सन १९३२-३३ सालीं लेबर ऑफिसनें पुन्हां तशीच चौकशी केली. दोन्ही चौकशांतील कुटुंबें तींच नव्हेत, म्हणून तुलना बेतानें करावयाची. तरी ती केल्यावांचून राहवत नाहीं. सरासरी मिळकत ५० रुपये १ आणा ७ पै, म्हणजे अकरा वर्षांपूर्वींपेक्षां किंचित् कमीच. मंदीमुळें धान्य स्वस्त झालें होतें व अन्नाचा खर्च शंभरांत ४६.६० वर उतरला होता. मग उरलेले दहा रुपये संसाराला लाभले काय? सगळे नव्हेत. घरभाड्याचा वांटा ७.७ वरून १२.८१ वर गेला होता. खोली तीच, कुटुंब तेंच, पण गहूं-तांदूळ उतरल्यानें जें हातांत राहिलें, त्यांतला निम्मा भाग खोलीनें खाल्ला. युद्धकाळच्या भाडेबंदीची मुदत या अवधींत संपून गेली होती, हें येथें ध्यानांत ठेवावयास हवें.

मध्यमवर्गाची तऱ्हा थोडी वेगळी. गिरगांवांतील कारकुनाचा पगार मजुराहून बरा असे, पण पांढरपेशाला पोटभाडेकरू उघडपणें ठेवतां येत नसे, मुलांच्या अभ्यासाला कोपरा लागे, पाहुणा आला तर त्याला बसावयास खुर्ची लागे. या वर्गांतून मार्ग निघाला तो सहकाराचा. रावबहादूर श्रीपादराव तालमकी यांच्या पुढाकारानें सन १९१५ सालीं गांवदेवीस सारस्वत सहकारी गृहसंस्था स्थापन झाली. चार कुटुंबांनीं एकत्र येऊन भांडवल उभें करावें, उरलेलें कर्जाऊ घ्यावें व दरमहा हप्त्यानें फेडावें, ही कल्पना आज इतकी अंगवळणीं पडली आहे कीं तिच्या पहिल्या धाडसाची किंमत कळत नाहीं. मात्र या मार्गास आरंभीं थोडी शिल्लक लागे. ज्याच्या महिन्याच्या अखेरीस वाण्याची उधारी उरे, त्याला तो मोकळा नव्हता.

दुसरें महायुद्ध आलें आणि तोच खेळ पुन्हां झाला. सन १९३९ पासून नवे निर्बंध निघाले आणि सन १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें सन १९४० च्या सप्टेंबरच्या पहिल्या तारखेचें भाडें हेंच प्रमाण ठरविलें. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे शहरांत येत असतां या कायद्यानें लाखों संसार रस्त्यावर येण्यापासून वांचविले, हें नाकारतां येणार नाहीं. परंतु पगार व महागाई पुढें दसपट, शतपट वाढलीं आणि भाडें मात्र सन १९४० सालींच उभें राहिलें. भाड्यांतून कौलें शाकारण्याचाही खर्च निघेना, तेव्हां मालकानें दुरुस्ती सोडली. रिकामी होणारी खोली हस्तांतरित होतांना ‘पागडी’ नांवाची रोख रक्कम मागितली जाऊं लागली. जुन्या बिऱ्हाडकरूला खोली जवळजवळ फुकट, आणि नव्या लग्न झालेल्या त्याच्याच मुलाला ती अप्राप्य, असा विलक्षण प्रकार एकाच छपराखालीं दिसूं लागला. घरें कोसळूं लागलीं तेव्हां सन १९६९ सालीं दुरुस्तीसाठीं उपकर व मंडळ यांचा कायदा करावा लागला. सन १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें भाडीं अशीं गोठवून ठेवणें अवाजवी ठरविलें, आणि सन १९९९ च्या नव्या कायद्यानें, जो ३१ मार्च २००० पासून अंमलांत आला, वर्षाकांठीं चार टक्के वाढीची मुभा दिली व पागडीलाही कायद्याची मान्यता दिली.

लॉइडसाहेबांच्या त्या चाळी मात्र शंभरी गांठून उभ्या राहिल्या. सन २०२१ सालीं वरळींतील पुनर्बांधणीच्या कामाची कोनशिला बसली, आणि सन २०२५ च्या ऑगस्टांत पहिल्या कुटुंबांना उंच इमारतींतील ५०० चौरस फुटांच्या मालकीच्या घरांच्या किल्ल्या देण्यांत आल्या. त्या घरांची किंमत रहिवाशांकडून घेतलेली नाहीं. ती त्याच जागेवरील जादा घरें बाजारभावानें विकून काढावयाची आहे. त्या विकाऊ घरांना गिऱ्हाईक म्हणून कोण येईल, याचा अंदाज वरळीच्या कोणत्याही बिऱ्हाडकरूला आहे: ज्याचा महिन्याचा पगार तेथील मूळच्या कुटुंबाच्या कित्येक पट आहे, तोच.