‘तुमचा जुना क्लेम मंजूर झालाय’ असा फोन आला तर काय करायचं?

मागच्या दिवाळीत बाबांना फोन आला. “सर, तुमच्या बंद पडलेल्या पॉलिसीचे एक लाख ऐंशी हजार मंजूर झालेत. फाइल पुढे सरकवायला साडेसहा हजार जीएसटी भरावा लागेल.” समोरच्याला बाबांचं नाव आणि विमा कंपनी, दोन्ही माहीत होतं. आणि पॉलिसी खरंच होती, हीच तर मेख! पैसे भरण्याआधी बाबांनी मला विचारलं म्हणून वाचले.

असे कॉल ओळखायची खूण सोपी आहे. आपलेच पैसे परत द्यायला कुणी आधी पैसे मागितले, की फोन ठेवायचा. कॉल करणारे बऱ्याचदा विमा नियामक आयआरडीएआयचं नाव सांगतात. पण ही संस्था पॉलिसी विकत नाही आणि बोनसही जाहीर करत नाही.

डीएनडीने कॉल थांबतील का?

अर्धवट. १९०९ वर कॉल करून किंवा सिम कंपनीच्या ॲपमधून डीएनडी सुरू करा. त्याने नोंदणीकृत कंपन्यांचे जाहिरातीचे कॉल थांबतात, ओटीपी येत राहतात. पण फसवणारा साध्या दहा अंकी मोबाइलवरून बोलतो, त्याला डीएनडीशी देणंघेणं नाही. जाहिरातीसाठी १४० आणि बँक-विम्याच्या सेवा कॉलसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर ठरवलेले आहेत. तरी नंबर बघून पैसे मात्र देऊ नका.

तक्रार कुठे करायची?

- नुसता त्रासदायक जाहिरात कॉल: सात दिवसांच्या आत १९०९ वर. कॉलचा नंबर आणि तारीख लिहून ठेवा. डीएनडी सुरू नसलं तरी तक्रार घेतली जाते.
- फसवणुकीचा संशय, पण पैसे गेले नाहीत: संचार साथी पोर्टलवरचं ‘चक्षू’. स्क्रीनशॉट जोडा.
- पैसे गेले: लगेच १९३० ला फोन. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणं अवघड.

नुसतं ब्लॉक करून थांबू नका. तो उद्या दुसऱ्या नंबरवरून फोन करेल, तुम्हाला नाही तर शेजारच्या काकूंना.

आणि पैसे खरंच अडकले असतील तर?

ते आपण स्वतः शोधायचे. विमा कंपन्यांच्या वेबसाइटवर ‘अनक्लेम्ड अमाउंट’ शोधायची सोय असते, ती फुकट आहे. कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करा, कॉलवाल्याने पाठवलेली लिंक उघडू नका. दहा वर्षं कुणी मागितली नाही तर रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते, तरीही नंतर कंपनीकडे तिची मागणी करता येते. कंपनी दाद देत नसेल तर आयआरडीएआयचा नंबर १५५२५५.

आम्हीही शोधलं. बाबांनी त्या पॉलिसीचे दोनच हप्ते भरले होते, शिल्लक काही निघालं नाही. बाबा जरा हिरमुसले. पण साडेसहा हजार खिशातच राहिले.