दरखास्तीपासून उमेदवारीपर्यंत

ठाणे आणि कल्याण ही कारभाराला फार पूर्वीपासून सरावलेली शहरे. मामलेदार कचेरी, मुनसफाचे न्यायालय आणि नगरपालिकेचे दप्तर यांच्या सान्निध्यात येथील नागरी जीवन पिढ्यानपिढ्या वाढले. त्यामुळे दरखास्त कोणाकडे द्यावी, तिच्यासोबत कोणते दाखले जोडावेत आणि हुकूम निघण्यास विलंब झाल्यास तगादा कसा लावावा, याची जाण येथील सामान्य गृहस्थालाही सहज असे. या व्यवहारात स्त्रीचे स्थान मात्र दीर्घकाळपर्यंत अर्जदाराचे, आणि तेही बहुधा दुसऱ्याच्या हस्ताक्षरात व दुसऱ्याच्या हस्ते अर्ज पाठविणाऱ्या अर्जदाराचे राहिले. या स्थानावरून उठून, ‘ही उमेदवार आमची आहे, आमच्या प्रश्नांसाठी आम्ही हिला उभी करीत आहोत,’ असे स्त्रियांच्या एखाद्या संघटनेने चारचौघांत सांगावे, ही गोष्ट आज सोपी वाटली तरी तिच्यामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास उभा आहे. आणि त्या इतिहासाचे काही अत्यंत महत्त्वाचे धागे याच जिल्ह्याच्या मातीतून निघालेले आहेत.

कल्याणची कन्या आनंदीबाई जोशी हिच्यापासून आरंभ करणे उचित होईल. १८६५ मध्ये कल्याणास जन्मलेली ही मुलगी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस जाण्यास निघाली, तेव्हा समाजाच्या शंकाकुशंकांना उत्तर देण्यासाठी तिला १८८३ च्या प्रारंभी बंगालमधील सेरामपूर येथे जाहीर सभेत स्वतः उभे राहून आपल्या निश्चयाचे समर्थन करावे लागले. पती गोपाळरावांचा आग्रह आणि दूरच्या काही सुहृदांची सहानुभूती तिच्या पाठीशी होती. परंतु ‘ही जाते आहे ती आमच्यासाठी’ असे म्हणणारी स्त्रियांची संस्था या देशात तेव्हा नव्हती. १८८६ मध्ये पदवी घेऊन ती परतली आणि पुढच्याच वर्षी पुण्यास निवर्तली. तिचे धैर्य असामान्य होते यात शंका नाही. तथापि ज्या समाजात एकेका स्त्रीला एकटीने असे असामान्य व्हावे लागते, त्या समाजात तिच्यामागून येणारीला मळलेली वाट मिळत नाही.

ही वाट पाडण्याचे काम संघटनांनी हाती घेतले ते मताधिकाराच्या प्रश्नावर. डिसेंबर १९१७ मध्ये सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांच्या शिष्टमंडळाने मद्रास मुक्कामी भारतमंत्री माँटेग्यू यांची भेट घेऊन स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मताचा अधिकार मागितला. १९१९ च्या कायद्याने तो निर्णय प्रांतिक कायदेमंडळांवर सोपविला आणि १९२१ मध्ये प्रथम मद्रास व पाठोपाठ मुंबई इलाख्याने स्त्रियांवरील बंदी उठविली. आपल्याकडे या चळवळीची धुरा वाहणाऱ्यांमध्ये सेवासदनाच्या रमाबाई रानडे अग्रभागी होत्या. मुंबई महापालिकेच्या १९२३ च्या निवडणुकीत ज्या स्त्रिया प्रथमच निवडून गेल्या त्यांत हिंद महिला समाजाच्या संस्थापक अवंतिकाबाई गोखले होत्या. हा अधिकार मिळकतीच्या आणि करभरण्याच्या अटींनी जखडलेला असल्यामुळे फारच थोड्या स्त्रियांपर्यंत पोचला हे खरे. पण संघटनेत काम केलेली स्त्री सभागृहात बसू शकते, ही गोष्ट मुंबईने पाहिली.

असे असूनही पुढची अनेक वर्षे बहुतेक स्त्रीसंस्थांनी निवडणुकीपासून अंतर राखले. जानेवारी १९२७ मध्ये पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाने शिक्षण हाच आपला विषय मानला आणि पक्षीय राजकारणापासून अलिप्त राहण्याचे धोरण ठेवले. या अलिप्ततेला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. निरनिराळ्या मतांच्या, जातींच्या आणि संस्थानी व इंग्रजी मुलुखांतल्या स्त्रियांना एका मांडवाखाली आणावयाचे, तर पक्षाचे निशाण मांडवाबाहेर ठेवणे भागच होते. परंतु त्याच सुमारास, १९२६ मध्ये, दक्षिणेत एक वेगळा प्रयोग झाला. मद्रास कायदेमंडळासाठी कमलादेवी चट्टोपाध्याय मंगळूरकडून उभ्या राहिल्या, आणि वीमेन्स इंडियन असोसिएशनच्या मार्गारेट कझिन्स यांनी त्यांना उभे राहण्यास प्रवृत्त करून प्रचारही केला. कमलादेवी अगदी थोड्या मतांनी पराभूत झाल्या. पण आपल्या मागण्या कोणी तरी ऐकाव्यात म्हणून वाट पाहण्याऐवजी त्या मागण्या घेऊन जाणारी व्यक्ती आपणच निवडावी, हा विचार त्या पराभवाने पुसला गेला नाही.

याच विचाराचे दुसरे आणि अधिक खोल रूप ठाणे जिल्ह्यात प्रकट झाले, तेही मतपेटीपासून फार दूर. आज कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत असलेल्या टिटवाळ्यास जानेवारी १९४५ मध्ये महाराष्ट्रातील किसान सभेची परिषद भरली. तिच्यासाठी डहाणू-उंबरगावकडील काही वारली आले होते. झरीचा माया धानगडा त्यांपैकी एक. परिषदेच्या पूर्वतयारीसाठी जिल्ह्यातला मुलूख पायी तुडविणाऱ्या गोदावरी परुळेकर या पुण्याच्या सुखवस्तू घरात वाढलेल्या, कायद्याची पदवी घेतलेल्या आणि भारत सेवक समाजाच्या आजीव सदस्य झालेल्या पहिल्या स्त्री. त्यांच्यापुढे वारल्यांनी जे गाऱ्हाणे ठेवले ते वेठीचे आणि लग्नगडीचे. लग्नासाठी सावकार-जमीनदाराकडून थोडे पैसे उचलावेत आणि त्या कर्जापायी नवऱ्याने जन्मभर त्याच्या घरी राबावे, अशी ती वहिवाट. आणि नवरा राबत असे तिथे त्याची बायकोही राबे व मालकाच्या मर्जीच्या स्वाधीन होई. कर्जाचा कागद पुरुषाच्या नावे लिहिला जाई. त्याची सर्वांत जबर किंमत मात्र स्त्री देई.

त्याच वर्षी मे महिन्यात झरी येथे वारल्यांची परिषद भरली. वेठ करावयाची नाही, बारा आणे रोज रोखीने मिळाल्यावाचून मालकाच्या शेतावर जावयाचे नाही आणि एकजूट मोडावयाची नाही, असे साधे ठराव तिथे झाले. आणि गावोगाव ते अमलात आणून लग्नगड्यांना सोडविण्यात आले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर गोळीबार होऊन जेठ्या गांगड आणि त्याचे सोबती बळी पडले, तरी चळवळ मोडली नाही. बारा वर्षांनी, १९५७ मध्ये, गोदावरीबाईंचे पती श्यामराव परुळेकर ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले. आधी गाव संघटित झाले, ठरावांनी माणसाला माणसाचे मोल दिले, रक्त सांडले, आणि त्यानंतर मतदानाचा दिवस आला. ज्या उमेदवारामागे असा काळ उभा असतो त्याला पाठिंबा देणे म्हणजे कृपेची याचना नसते. आपल्या कामाचे वकीलपत्र सभागृहात घेऊन जाण्याची ती आज्ञा असते. गोदावरीबाईंनी हा सारा वृत्तान्त ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात लिहून ठेवला, आणि त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

योगायोग असा की त्याच १९७२ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर लाटणी निघाली. दुष्काळ आणि टंचाई यांनी धान्य, तेल, साखर आणि रॉकेल यांचे भाव गृहिणीच्या हाताबाहेर नेले, तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते अशा निरनिराळ्या पक्षांतील स्त्रियांनी महागाईविरोधी संयुक्त समिती उभारली. थाळीवर लाटणे आपटीत चालणाऱ्या बायकांचा तो मोर्चा ज्यांनी पाहिला त्यांना त्याचा आवाज विसरता आला नाही. कारण स्वयंपाकघरात रोज हाताळली जाणारी वस्तू कारभाऱ्यांच्या दारात हिशेब मागावयास आली होती. या नेत्या त्या दिवशी अकस्मात उगवल्या नव्हत्या. अहिल्याताईंनी १९४३ पासून परळ महिला संघ बांधला होता आणि गिरणगावच्या बायकांत त्यांचे नेतृत्व घडले होते. मृणालताईंनी गोरेगावच्या वस्त्यांत नळाच्या पाण्यासाठी लढून ‘पाणीवाली बाई’ हे नाव मिळविले होते. दोघीही १९६१ मध्ये महापालिकेवर निवडून गेल्या होत्या. आणीबाणीत या दोघींनी आणि प्रमिलाताईंनीही कारावास भोगला. १९७७ मध्ये उत्तर मुंबईतून मृणालताई व उत्तर-मध्य मुंबईतून अहिल्याताई लोकसभेत गेल्या, आणि १९८० मध्ये महिला दक्षता समितीच्या अध्वर्यू प्रमिलाताई.

पाण्याचा विषय निघाला असता ठाणे जिल्ह्याचे एक शल्य सांगितलेच पाहिजे. मुंबईच्या नळांना येणारे पाणी १८९२ मध्ये पुरे झालेल्या तानसाचे, १९५७ च्या मोडकसागराचे, पुढे भातसाचे; म्हणजे बव्हंशी शहापूर तालुक्याच्या परिसरातले. त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहात हंडे मांडून बसलेल्या बाया दिसतात. उशाला धरण आणि घशाला कोरड, ही म्हण इथे रोजचे जिणे आहे. पाणी कोणाला द्यावयाचे हा निर्णय सभागृहांत आणि मंत्रालयात होतो, आणि ते वाहून आणण्याचे ओझे मात्र स्त्रीच्या डोक्यावर पडते. ज्या सभागृहात निर्णय होतो तिथे ते ओझे ज्यांनी वाहिले त्यांचा आवाज असला पाहिजे, ही मागणी यातूनच न्याय्य ठरते.

सभागृहातला आवाज काय करू शकतो याचे अगदी निकटचे उदाहरण १९८६ ते १९८८ या काळातले आहे. गर्भजल तपासून मुलगी असल्यास गर्भपात करण्याचा व्यवसाय मुंबईत उघडपणे चालत होता, त्याच्या जाहिरातीही झळकत होत्या. त्याविरुद्ध स्त्रीसंघटना, डॉक्टर आणि विज्ञानप्रसारक कार्यकर्ते एकत्र आले. त्यांनी निदर्शने केली, माहिती जमविली, डॉक्टरांच्या परिषदांत वाद घातले. परंतु निदर्शनाने दवाखान्याची पाटी उतरत नाही. पाटी उतरविण्यास कायदा लागतो. मृणालताई तेव्हा विधानसभेत होत्या. त्यांनी १९८६ मध्ये या तंत्राच्या गैरवापरावर बंदी घालणारे खासगी विधेयक मांडले. सरकारला त्या प्रश्नाची दखल घ्यावी लागली आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातील असा पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा त्यानंतर, १९९४ मध्ये आला. प्रमिलाताईंचा वृत्तान्तही असाच आहे. हुंडाबंदीचा दुबळा कायदा सुधारण्यासाठी त्यांनी १९८० मध्ये लोकसभेत विधेयक आणले, आणि पुढे १९८४ व १९८६ मध्ये त्या कायद्याला धार आली. रस्त्यावरची स्त्री आणि सभागृहातील स्त्री यांच्यात परस्परविश्वास असल्यावाचून यांतले काहीही घडले नसते. केवळ रस्त्यावरच्या चळवळीला मसुदा लिहिता येत नाही, आणि केवळ सभागृहातल्या प्रतिनिधीला त्या मसुद्यामागे जनमताचे बळ उभे करता येत नाही.

येथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे ऐकला पाहिजे. आता स्त्रियांना राखीव जागा आहेत. मग संघटनेने अमुक एकीच्या मागे का उभे राहावे? ठाणे महापालिका १९८२ मध्ये आणि कल्याण महापालिका १९८३ मध्ये स्थापन झाली. ठाण्याची पहिली निवडणूक १९८६ मध्ये आरक्षणाविना झाली. कल्याणची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९९५ मध्ये, म्हणजे ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर झाली आणि एक तृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या. २०११ मध्ये महाराष्ट्राने हे प्रमाण निम्म्यावर नेले. ठाण्याला आणि कल्याण-डोंबिवलीला स्त्री महापौर लाभल्या. लोकसभा-विधानसभांसाठी एक तृतीयांशाची तरतूद करणारी घटनादुरुस्ती २०२३ मध्ये संमत झाली.  ही मोठी प्राप्ती आहे, आणि तिचे मोल कमी लेखणाऱ्याला वरचा इतिहास ठाऊक नाही.

तथापि आरक्षण खुर्ची देते, मागण्या देत नाही. राखीव प्रभागात कोणाच्या तरी पत्नीला वा सुनेला उभे करून कारभार घरातल्या पुरुषाने पाहावा, हा प्रकार आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. त्या बाईला दोष देण्यात अर्थ नाही. तिला उमेदवारी दिली ती घराण्याने वा पक्षाने, म्हणून तिचे उत्तरदायित्वही तिकडेच जाते. तिची उमेदवारी जर स्त्रियांच्या संघटनेतून वर आली असती, प्रभागातल्या बायकांनी तिच्याबरोबर वर्षानुवर्षे रेशनच्या रांगेत, पोलीस चौकीत, प्रसूतिगृहाच्या दारात उभे राहिलेले असते, तर महिला व बालकल्याण समितीच्या बैठकीत राखून ठेवलेल्या निधीचा हिशेब मागताना तिला आपण एकटी आहोत असे वाटले नसते.

म्हणूनच केवळ स्त्री आहे म्हणून पाठिंबा, हे सूत्र अपुरे. स्त्रियांच्या मुक्तीचा विचार जिने कामाने सिद्ध केला आहे तिला पाठिंबा, हे सूत्र खरे. अलिप्ततेमागची जुनी भीती, पक्षामुळे संघटना फुटेल ही, निराधार नव्हती. परंतु तिला उत्तर आहे. संघटनेने पक्षाला पाठिंबा देऊ नये, उमेदवाराला द्यावा. तोही तोंडी न देता, मागण्यांचा लेखी मसुदा पुढे ठेवून, तिची सही घेऊन द्यावा. आणि निवडून आल्यावर दर वर्षी भरसभेत तिने केलेल्या कामाची झडती घ्यावी. पहाटे डोंबिवलीच्या फलाटावर लोकलच्या महिला डब्यासाठी रेटारेटी करणारी परिचारिका, कल्याणच्या बाजारात भाजी विकणारी, पण दिवसभरात स्वच्छ शौचालय न मिळणारी बाई, आणि शहापूरच्या पाड्यावर टँकरची वाट पाहणारी, या तिघींच्या मागण्या त्या मसुद्यात शेजारी शेजारी लिहिल्या गेल्या पाहिजेत; कारण एकीचे गाऱ्हाणे दुसरीने आपले मानल्यावाचून संघटना उभीच राहात नाही.

टिटवाळ्याच्या परिषदेपासून गर्भलिंगनिदानाच्या कायद्यापर्यंतचा इतिहास हाच धडा देतो, की हक्क मिळाले ते ज्यांनी आधी एकमेकींशी आणि मग आपल्या प्रतिनिधीशी करार केला त्यांना. ठाणे-कल्याणच्या स्त्रीसंघटनांनी पुढील प्रत्येक निवडणुकीत, मग ती प्रभागाची असो वा लोकसभेची, उमेदवारी अर्जाची मुदत संपण्याची वाट न पाहता आपली उमेदवार आपण शोधावी, तिच्या पाठीशी उघडपणे उभे राहावे, आणि तिच्याकडून काम मागण्याचा अधिकार कधीही सोडू नये.