किंमत, कान आणि पडद्याआडची परीक्षा

आपल्या जुन्या मराठी घरांतून दिवाणखान्यातील ग्रामोफोन ही कौतुकाची वस्तू असे. पाहुण्यांना त्याची किंमत आधी कळे, तबकडी मागाहून लागे. किंमत एकदा कानी पडली की कान तटस्थ राहतो काय, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणाला पडला नाही. परदेशांत मात्र ध्वनियंत्रांच्या जाहीर परीक्षा शंभराहून अधिक वर्षे होत आल्या आहेत. साधे यंत्र आणि महागडे यंत्र यांचा निवाडा करू पाहणाऱ्यास हा इतिहास बोधप्रद आहे.

१९१५ पासून एडिसनच्या कंपनीने अमेरिकेत अशा सभा भरविल्या. गायिका यंत्राशेजारी उभी राहून गाई. मध्येच दिवे मालवले जात. गाणे चालूच राही, आणि दिवे लागल्यावर रंगमंचावर केवळ यंत्र उरलेले पाहून श्रोते थक्क होत. ॲना केस या गायिकेने उतारवयात सांगितले की, आपण आपला आवाज यंत्राच्या आवाजाशी जुळता ठेवीत असू. म्हणजे यंत्र माणसासारखे गात नव्हते, माणूसच यंत्रासारखा गात होता!

१९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात ध्वनियंत्रांचे प्रदर्शन भरले. हॉटेलच्या खोल्यांतून यंत्रे मांडण्याची ही रीत आजही टिकून आहे. परंतु तुलनेच्या दृष्टीने ती सदोष होय. प्रत्येक खोलीचा घुमारा निराळा, तबकडी विक्रेत्याच्या पसंतीची आणि आवाजाची कळही त्याच्याच हाती. दोन यंत्रांपैकी एक किंचित मोठ्याने वाजले, तर श्रोत्याला ते मोठे न वाटता अधिक सुस्पष्ट वाटते.

ही मर्यादा ओलांडण्याचे प्रयत्नही झाले. व्हार्फडेल कंपनीचे संस्थापक गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी १९५४ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये प्रत्यक्ष वादन आणि ध्वनिमुद्रण एकाच सभेत ऐकविले. सुमारे तीन हजार आसनांच्या त्या सभागृहासाठी वापरलेले पीटर वॉकर यांचे क्वाड ॲम्प्लिफायर प्रत्येकी अवघ्या १५ वॉटचे होते. पुढे अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांच्या कंपनीने फाइन आर्ट्स क्वार्टेट या वादकचमूला बोलावले. वादक मध्येच तारांवर गज न टेकविता नुसता फिरवीत आणि दोन फूट उंचीच्या लाकडी पेटीतून त्यांचेच मुद्रण वाजे. त्यामागील ॲम्प्लिफायर तर ग्राहकाने सुटे भाग घरी जोडून तयार करण्याच्या प्रकारातला होता. तरीही बदल नेमका कोठे झाला, हे जाणत्या श्रोत्यांनाही ओळखता येईना.

१९८७ मध्ये ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकाने २२० डॉलरपासून १२,००० डॉलरपर्यंतचे ॲम्प्लिफायर आवाज समान ठेवून, नाव झाकून ऐकविले. श्रोत्यांना त्यांतील भेद खात्रीने सांगता आला नाही. १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी तेच स्पीकर आधी झाकून व मग उघडे ठेवून ऐकविले, तेव्हा गुण बदलले. रूप आणि नाव यांनी कानावर मात केली. मात्र यावरून सर्व यंत्रे सारखीच, असे मानणे चूक ठरेल. झाकलेल्या अवस्थेतही स्पीकरांमधील फरक ऐकू येतो. पैशाचा उपयोग आहे, पण तो कोठे खर्चावा, हे किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते.

सेवानिवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेतून आम्हीही एका प्रदर्शनात मोठा संच घेण्याच्या बेतात होतो. महाग संचाची पाळी येताच विक्रेत्याने कळ किंचित पुढे सरकविलेली आमच्या नजरेस पडली. दोन्ही संच सारख्याच आवाजात लावण्याची विनंती आम्ही केली, तेव्हा त्याने विषय बदलला. आम्ही रिकाम्या हातांनी परतलो. पुढे साधा ॲम्प्लिफायर आणि बरे स्पीकर घेतले व उरलेल्या पैशांतून वडिलांच्या झिजत चाललेल्या तबकड्यांचे मुद्रण करून घेतले. त्या तबकड्या पुन्हा बाजारात मिळणाऱ्या नव्हत्या. यंत्रे मात्र केव्हाही मिळतील. वाचकांच्या माळ्यावरही अशा तबकड्या असतील. यंत्राची चौकशी करण्यापूर्वी एकदा त्या खाली काढून पाहाव्यात, एवढीच विनंती.