सात माणसे आणि चौसष्ट माग

पुण्याच्या हिंजवडीत किंवा बंगळुरूच्या एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत सकाळी डोकावलात, तर एक गंमत दिसते. सात-आठ जण फळ्यासमोर गोल करून उभे असतात. काल काय झाले, आज काय करायचे, कुठे अडले आहे, एवढेच प्रत्येकजण सांगतो. पंधरा मिनिटांत बैठक आटोपते. बैठक म्हणायची, पण बसत कोणीच नाही! या कार्यपद्धतीला ‘अजाईल’ म्हणतात. कोणी कोणते काम करायचे हे साहेबाने वाटून द्यायचे नाही, गटाने आपसात ठरवायचे, हा तिचा एक मुख्य आग्रह. अशा गटाला आपण ‘स्वयंसंघटित गट’ म्हणू.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यातील स्नोबर्ड या ठिकाणी सतरा संगणकतज्ज्ञ जमले आणि त्यांनी या पद्धतीचा जाहीरनामा लिहिला. त्याआधी १९८६ मध्ये ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी होंडा, कॅनन अशा कंपन्यांतील गटांचे वर्णन करताना रग्बीच्या खेळाची उपमा वापरली होती. त्यातूनच ‘स्क्रम’ हा शब्द पुढे रूढ झाला. त्यामुळे ही कल्पना अमेरिका-जपानची, असा आपला समज होतो. परंतु तिच्या इतिहासातले एक महत्त्वाचे पान आपल्या शेजारी, अहमदाबादच्या एका कापड गिरणीत लिहिले गेले आहे.

त्याची सुरुवात मात्र इंग्लंडच्या कोळशाच्या खाणीत झाली. १९४७ मध्ये तिथल्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. यंत्रे आली होती, तरी अपेक्षेइतका कोळसा निघत नव्हता. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफर्थ यांनी या प्रश्नाचा अभ्यास १९५१ मध्ये प्रसिद्ध केला. बॅमफर्थ यांनी स्वतः अठरा वर्षे खाणीत काम केले होते. त्यांना आढळले ते असे : जुन्या पद्धतीत दोन-चार जणांची टोळी कोळसा फोडण्यापासून भरण्यापर्यंत सगळे काम मिळून करी. नव्या पद्धतीत कामाचे तुकडे झाले. एक पाळी कोळसा कापणार, दुसरी वाहकपट्टा सरकवणार, तिसरी कोळसा भरणार. काम अडले की प्रत्येक पाळी दुसरीकडे बोट दाखवी. पूर्ण काम कोणाचेच राहिले नव्हते. यंत्र चांगले असूनही माणसांची घडी विसकटली होती.

याच संस्थेतील ए. के. राईस १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आले. गिरणी साराभाई कुटुंबाची. गौतम साराभाई तिचा कारभार पाहत होते. आदल्याच वर्षी तिथे स्वयंचलित माग बसवले होते. माग नवे, हवेतील दमटपणा राखणारी यंत्रणा होती, कामगार अनुभवी होते. तरी उत्पादन वाढेना आणि खराब कापडही कमी होईना.

राईस यांनी मागांपेक्षा माणसांकडे पाहिले. एका विभागात २२४ माग होते आणि २९ कामगार. त्यांची कामे बारा प्रकारची. विणकराकडे पंचवीस-तीस माग, कांड्या भरणाऱ्याकडे चाळीस-पन्नास, तुटलेले धागे सांधणाऱ्याकडे त्याहून जास्त. जॉबर निराळा, तेलवाला निराळा, झाडूवाला निराळा. आता समजा, एका मागावर धागा तुटला. विणकराला ज्या धागे सांधणाऱ्याची गरज आहे, तो त्याच वेळी दुसऱ्या विणकराच्या मागाशी असे. सगळे सगळ्यांवर अवलंबून, पण कोणाचाच कोणाशी पक्का जोड नाही. नात्यांचा नुसता गुंता!

राईस यांनी सुचवले ते साधे होते. ठरावीक माग घ्या आणि त्यांच्या सगळ्या कामांची जबाबदारी एका छोट्या गटाकडे द्या. चौसष्ट मागांना सात माणसे. गटाचा म्होरक्या गटातलाच. ही कल्पना पर्यवेक्षकांच्या आणि कामगारांच्या कानावर गेली मात्र, कामगारांनी ती उचलून धरली. कोणी कोणाबरोबर काम करायचे, याच्या जोडण्या त्यांनी आपसात करून टाकल्या. वरून हुकूम सुटण्याची वाट त्यांनी पाहिली नाही.

सुरुवातीचे दिवस चढउताराचे गेले. पण घडी बसल्यावर मागांची कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ च्या आसपास गेली आणि खराब कापडाचे प्रमाण ३२ टक्क्यांवरून २० च्या घरात आले. माग तेच होते, माणसेही तीच होती. राईस यांचे या प्रयोगावरील पुस्तक १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले.

इथे मुंबईची एक जुनी आठवण जोडून पाहिली पाहिजे. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला. दीड लाखाच्या आसपास कामगार सुमारे सहा महिने बाहेर होते. त्यामागच्या कारणांपैकी एक होते मालकांची ‘कार्यक्षमता योजना’. आजवर दोन साचे सांभाळणाऱ्या विणकराने आता तीन सांभाळावेत, असा तिचा आग्रह. साचे वाढले की माणसे कमी होणार, हे कामगाराला कळत होते. कामाची फेरमांडणी तिथेही होती आणि अहमदाबादलाही. मग एका ठिकाणी संप आणि दुसऱ्या ठिकाणी स्वागत, असे का? काळ वेगळा होता, यंत्रे वेगळी होती, हे खरेच. पण मांडणी कोण करणार, हाही फरक होता. मुंबईत ती कामगारावर लादली गेली. अहमदाबादेत चौकट वरून आली, पण तिच्या आतली जुळणी कामगारांच्या हाती राहिली.

हे यश कायम टिकले का? टॅव्हिस्टॉकच्याच एरिक मिलर यांनी १९७० मध्ये पुन्हा पाहणी केली. एका विभागात गटपद्धत जवळजवळ जशीच्या तशी चालू होती. इतरत्र मात्र कामे पुन्हा सुटी-सुटी होत गेली होती.

स्वयंसंघटित गट म्हणजे साहेब नसलेला गट नव्हे, हे या साऱ्या हकिकतीतून ध्यानात येते. उलट, साहेबाचे काम अधिक अवघड होते. सूत वेळेवर यावे, माल बदलला तर आधी कळावे, बाहेरचा त्रास गटापर्यंत पोहोचू नये, हे त्याने पाहायचे. गटाच्या आत मात्र हात घालायचा नाही. अडचण आली की आत शिरून हुकूम सोडण्याचा मोह आवरणे, हीच खरी परीक्षा.

आजच्या कंपन्यांतही ती परीक्षा चालूच आहे. माणसे किती, मुदत कोणती, काम किती हे सारे वर ठरवायचे आणि खाली ‘तुम्ही स्वयंसंघटित आहात’ असे सांगायचे, असे झाले की सकाळची ती उभी बैठक हजेरीपटासारखी होते. गोल तोच, फळाही तोच. पण बोलणारा साथीदारांकडे न पाहता साहेबाकडे पाहून बोलू लागतो. आपला गट खरोखर गट आहे का, हे ओळखायची ही सोपी खूण आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)