कार्ड नाकारलं, मग थांबायचं किती?

क्रेडिट कार्डाचा अर्ज फेटाळला गेला, की 'सहा महिने थांब' असं कुणीतरी हमखास सांगतं. पण कशासाठी थांबायचं? अमेरिकेत १९७० च्या कायद्याने एवढंच झालं, की क्रेडिट अहवालावरून नकार दिला असेल तर तो अहवाल कोणत्या ब्युरोचा, हे सांगणं भाग पडलं. नकाराचं नेमकं कारण गुलदस्त्यातच. त्या काळातल्या नोकरदार बायकांचं बघा. स्वतःचा पगार असूनही 'नवऱ्याच्या नावाने अर्ज करा' असं ऐकावं लागे. अशा बाईने वर्षभर थांबून काय बदलणार होतं?

१९७४ च्या समान पतसंधी कायद्याने लिंग आणि वैवाहिक स्थितीवरून होणारा भेदभाव बेकायदा ठरवला. १९७६ च्या दुरुस्तीने नकाराची कारणं मिळण्याचा हक्क दिला. पुस्तकांत पहिल्याचाच गाजावाजा; मला दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. कारण कळलं, की मुदत ठरवता येते: अहवालात चूक असेल तर ती दुरुस्त होईपर्यंत, जुन्या कार्डांवरची उधारी जास्त असेल तर ती फेडून तशी नोंद होईपर्यंत.

आपल्याकडेही रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार नकाराचं नेमकं कारण लेखी कळवावं लागतं. ते आलं नसेल, तर आधी मागून घ्या.